ट्राम मेली कशी, हेही दाखवा

अमेरिकेतली विजेच्या ट्रामची संग्रहालयं बहुतेक वेळा गावाबाहेर असतात. लांबलचक शेड, बाहेर उन्हापावसात दुरुस्तीची वाट पाहत उभ्या असलेल्या काही गाड्या, मैल-दोन मैलांचा रूळ आणि त्यावर ताणलेली तांब्याची तार. निळा कोट आणि टोपी घातलेला एखादा निवृत्त इंजिनिअर मोटरमनच्या जागी असतो. पायाखालची घंटा तो दाबतो, गाडी घुमत निघते, झाडीतून जाते, रूळ संपतो तिथे थांबते. मग दोरी ओढून तारेतून वीज घेणारा छपरावरचा दांडा फिरवायचा, बाकांच्या पाठी खडाखडा उलट्या करायच्या आणि परत यायचं. पोरं खूश, आजोबाही खूश. उतरताना कुणीतरी म्हणतंच, ‘काय दिवस होते ते!’

माझा आक्षेप या उद्गाराला आहे. म्हणणाऱ्याला नव्हे, त्याला ते म्हणायला लावणाऱ्या मांडणीला. पितळ लखलखीत, लाकडाला नवं व्हार्निश, खिडकीतून वारा. पण ते दिवस कुणाला कसे गेले आणि ते संपले का, याचा पत्ता गाडीत बसलेल्याला लागत नाही. १९१७च्या सुमारास अमेरिकेत शहरांतल्या आणि शहराशहरांना जोडणाऱ्या विजेच्या गाड्यांचे सुमारे ४५ हजार मैल रूळ होते. पुढच्या पन्नासएक वर्षांत त्यातले जवळजवळ सगळे उखडले गेले किंवा डांबराखाली गाडले गेले. एवढी मोठी सार्वजनिक व्यवस्था एका माणसाच्या हयातीत उभी राहिली आणि नाहीशीही झाली. ही गोष्ट ट्रामच्या संग्रहालयाने सांगायची नाही, तर कुणी?

काही ठिकाणी ती चांगली लिहिलेलीही असते. पण असते भिंतीवर, तिकीटखिडकीच्या मागच्या दालनात. गाडी सुटायची घंटा झाली की ते दालन कोण वाचतो?

या संस्था नसत्या तर वाद घालायलाही काही उरलं नसतं, हे आधी मान्य करायला हवं. १९३९मध्ये मेन राज्यात बिडेफर्ड आणि साको या गावांमधली ट्राम बंद होत होती. तेव्हा काही तरुण हौशी मंडळींनी तिथली ३१ क्रमांकाची उघडी गाडी दीडशे डॉलरला विकत घेतली आणि केनेबंकपोर्टमधल्या एका मोकळ्या जागेत नेऊन ठेवली. तिथे ना रूळ, ना तार. त्यातूनच आजचं सीशोर ट्रॉली म्युझियम उभं राहिलं. तिथे आता अडीचशेहून अधिक वाहनं आहेत. त्या काळात बाद झालेल्या गाड्यांची गत काय होती? चाकं आणि मोटरी भंगारात जायच्या. लाकडी सांगाडे कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्याला किंवा तळ्याकाठच्या सुटीच्या खोलीला उपयोगी पडायचे. उरलेले सरळ पेटवून द्यायचे, म्हणजे लोखंड वेगळं करणं सोपं. अशा वेळी पदरमोड करून गाडी वाचवणाऱ्यांना वेड्यातच काढलं गेलं असणार. त्यांचं ऋण आहेच.

आणि गाड्या चालवायच्या की नुसत्या जपून ठेवायच्या, या जुन्या वादात मी चालवणाऱ्यांच्या बाजूचा आहे. जपणुकीच्या शास्त्राचा आक्षेप खरा आहे: चालवलं की झिजतं. चाकं बदलावी लागतात, बेअरिंगं नव्याने ओतावी लागतात, मोटरीची गुंडाळणी जळते. होता होता मूळ गाडीतलं मूळ काय उरलं, असा प्रश्न पडतो. पण ट्रामचा मोठा भाग स्थिर असताना दिसतच नाही.

फ्रँक स्प्रेग या अमेरिकी इंजिनिअरने १८८८च्या फेब्रुवारीत व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात ट्राम सुरू केली, तेव्हा त्याच्यासमोर एक साधा पण जीवघेणा प्रश्न होता. मोटर गाडीच्या सांगाड्यावर बसवली तर रुळाच्या प्रत्येक धक्क्याला तिचं दातेरी चाक आसावरच्या चाकापासून सुटतं. पूर्ण आसावरच बसवली तर धक्के थेट मोटरीला बसतात. स्प्रेगने मोटरीची एक बाजू आसावर टेकवली आणि दुसरी स्प्रिंगवर टांगली. आस वर-खाली झाला की मोटर त्याच्याभोवती झुलते, दाते मात्र एकमेकांत अडकलेलेच राहतात. पुढे अनेक दशकं हीच पद्धत चालली. काचेच्या पेटीत हे सगळं चित्रासारखं वाटेल. गाडी वळणावर कण्हते आणि वेग घेताना दातेरी चाकांचा सूर चढत जातो, तेव्हा जमिनीतून पायाला कळतं.

मोटरमनच्या हातातल्या दांड्याचंही तसंच. वर साधारण सहाशे व्होल्टची तार, परतीचा प्रवाह रुळांतून. ही वीज एकदम मोटरीत सोडली तर गाडी हिसका खाईल, नाहीतर ब्रेकर उडेल. म्हणून आधी मोटरी एकामागे एक जोडलेल्या आणि वाटेत वीज रोखून धरणाऱ्या लोखंडी रोधकांच्या जाळ्या. दांडा एकेक नॉच, म्हणजे खाच, पुढे गेला की एकेक रोधक बाद होतो. मग मोटरी समांतर जोडल्या जातात आणि पुन्हा तीच शिडी. घाई केली की प्रवासी मागच्याच्या मांडीवर, रेंगाळलं की जाळ्या तापून वास सुटतो. हे किती वेळ, कुठल्या चढावर, ओल्या रुळावर किती वाळू सोडून, हे पुस्तकात उतरत नाही; एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं. सगळे हात सत्तरीपुढचे झालेले असताना गाडी शेडमध्ये नीट झाकून ठेवणं म्हणजे अर्धी गाडी गमावणंच. एखादी गाडी तिच्या प्रकारातली एकुलती आणि मूळ रूपात उरलेली असेल तर तिला हात लावू नये. बाकीच्या चालवाव्यात.

म्हणजे चाक फिरण्याबद्दल माझी तक्रार नाही. ते फिरताना कुठली गोष्ट सांगितली जाते, याबद्दल आहे.

‘मोटारी आल्या, ट्राम गेली’ ही त्या गोष्टीची आळशी आवृत्ती. ट्राम कंपन्या खासगी होत्या, पण रस्ता शहराचा. त्यामुळे शहराशी करार असे आणि त्यात भाडं ठरलेलं असे, बहुधा पाच सेंट. ते वाढवायला नगरपालिकेची मंजुरी लागायची आणि पाच सेंटचं नाणं मतदारांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की ते बदलण्याची हिंमत क्वचितच कुणी करी. पहिल्या महायुद्धात कोळसा, पोलाद, मजुरी सगळं महागलं, भाडं तिथेच राहिलं. कंपन्या धडाधड दिवाळखोरीत जायला लागल्या, तेव्हा १९१९मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना या धंद्याच्या चौकशीसाठी केंद्रीय आयोग नेमावा लागला.

त्याच करारांत आणखी एक कलम असायचं, आणि मला ते सगळ्यांत बोलकं वाटतं. रुळांच्या मधली आणि आजूबाजूची थोडी फरसबंदी कंपनीने करायची, दुरुस्तही तिनेच ठेवायची. घोड्यांच्या ट्रामच्या काळात त्याला अर्थ होता. नाल मारलेल्या टापांनी रस्ता उखडायचा. विजेची गाडी रस्त्याला शिवतसुद्धा नाही, पण कलम तसंच राहिलं. परिणाम असा की ट्राम कंपनी स्वतःच्या खर्चाने गुळगुळीत रस्ता करून देई आणि त्यावरून मोटारी फुकट धावत, तिचेच प्रवासी पळवत, वर तिच्याच रुळांवर उभ्या राहून तिची वाट अडवत. महामंदीने उरलंसुरलं बळ काढून घेतलं. १९३५च्या कायद्याने वीज कंपन्यांची मालकी हाती ठेवणाऱ्या धारक (होल्डिंग) कंपन्यांना आपला पसारा आवरावा लागला. अनेक ट्राम कंपन्या वीज कंपन्यांच्याच आश्रयाने तग धरून होत्या, त्या उघड्यावर पडल्या.

यात खलनायक नाही, म्हणून ही गोष्ट खपत नाही. खपते ती दुसरी: जनरल मोटर्सने कट करून ट्राम मारली. स्वयंसेवक ती रंगवून सांगतात, ऐकणारे मान डोलावतात. तिच्यात तथ्य आहे. नॅशनल सिटी लाइन्स नावाची कंपनी १९३६पासून शहरोशहरीच्या वाहतूक कंपन्या विकत घेत गेली. तिच्यामागे जनरल मोटर्स, फायरस्टोन, स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया, फिलिप्स पेट्रोलियम आणि मॅक ट्रक्स यांचा पैसा होता. १९४९मध्ये शिकागोच्या न्यायालयात या कंपन्या दोषी ठरल्या. पण कशाबद्दल? त्या वाहतूक कंपन्यांना बस, टायर, इंधन विकण्याची मक्तेदारी साधण्याच्या कटाबद्दल. शहरांची वाहतूकच ताब्यात घेण्याच्या कटाच्या आरोपातून त्या सुटल्या. दंड झाला प्रत्येक कंपनीला पाच हजार डॉलर आणि अधिकाऱ्यांना एकेक डॉलर. हा एक डॉलर ऐकून संताप येतो, यायलाच हवा. तरी त्या संतापात डेट्रॉइट विसरून चालत नाही.

डेट्रॉइटची ट्राम १९२२पासून शहराच्याच मालकीची होती. नॅशनल सिटी लाइन्सचा तिच्याशी संबंध नव्हता. ताफ्यात पीसीसी जातीच्या गाड्या होत्या. ट्राम कंपन्यांच्या अध्यक्षांनी मोटारीशी टक्कर घ्यायला समिती नेमून ही नवी गाडी तयार करवून घेतली होती. गुपचूप आणि झटकन वेग घेणारी ही गाडी पहिल्यांदा १९३६मध्ये ब्रुकलिनमध्ये धावली. इतकं असून डेट्रॉइटने १९५६च्या एप्रिलमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवरची शेवटची ट्राम थांबवली आणि पीसीसी गाड्या मेक्सिको सिटीला विकल्या. तिथे त्या पुढे कित्येक वर्षं धावत राहिल्या. निर्णय लोकांनी निवडून दिलेल्या माणसांच्या राज्यात झाला. कटाची गोष्ट सांगणं सोपं जातं ते यामुळेच: ती ऐकणाऱ्याला निर्दोष सोडते.

आता बाकांकडे येऊ. पेनसिल्व्हेनियातल्या वॉशिंग्टन गावच्या ट्रॉली म्युझियममध्ये न्यू ऑर्लिन्सची ८३२ क्रमांकाची गाडी आहे. १९२३ची, नॉर्थ कॅरोलिनातल्या पर्ली थॉमस कारखान्यातली. (तोच कारखाना पुढे शाळेच्या बस बांधायला लागला आणि आजही त्याच धंद्यात आहे.) १९६४मध्ये न्यू ऑर्लिन्सचा कॅनाल स्ट्रीटचा मार्ग बंद झाला, तेव्हा ती तिकडे गेली. तिथे ती धावू शकते, कारण दोन्हीकडचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, एकच, पाच फूट अडीच इंच. नेहमीच्या रेल्वेपेक्षा जरा रुंद. वाफेच्या आगगाडीचे मालडबे शहराच्या रस्त्यांत शिरू नयेत म्हणून असं वेगळं गेज ठेवलं, असं सांगतात. अशा तपशिलांनी रूळवेड्यांचे डोळे चमकतात, माझेही चमकतात.

पण न्यू ऑर्लिन्सच्या गाड्यांचा आणखी एक तपशील आहे. बाकांच्या पाठीला वरून भोकं असायची. त्यांत खोचायला एक लाकडी पाटी असायची. पाटीच्या मागे काळ्या प्रवाशांनी बसायचं. गर्दीप्रमाणे ती पुढे-मागे सरकवता यायची, म्हणजे रेषा दर थांब्याला हलायची. १९५८च्या मे महिन्याच्या अखेरीपर्यंत हे चाललं. आणि ज्या रिचमंडमध्ये स्प्रेगने इतिहास घडवला, तिथेच १९०४मध्ये ट्राम कंपनीने वर्णाप्रमाणे जागा वेगळ्या करायला सुरुवात केली, तेव्हा तिथल्या काळ्या नागरिकांनी ट्रामवर बहिष्कार टाकला. वर्तमानपत्राचे संपादक जॉन मिचेल आणि बँकेच्या अध्यक्ष म्हणून गाजलेल्या मॅगी वॉकर यांनी लोकांना चालत जायला सांगितलं. बसमधल्या जागेवरून अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात पेटलेला काळ्या नागरिकांचा लढा जगाला ठाऊक आहे. त्याच्या अर्धशतक आधी दक्षिणेतल्या पंचवीसेक शहरांत असे ट्रामचे बहिष्कार झाले, हे किती जणांना माहीत असतं?

‘काय दिवस होते’ म्हणणाऱ्याच्या हाताखाली, त्याच्याच बाकाच्या पाठीवर अशी भोकं असू शकतात. जीर्णोद्धार करताना ती बुजवायची की ठेवायची, हा प्रश्न सुताराचा नाही. माझं मत: ठेवायची आणि दाखवायची. पाटीही गाडीत ठेवावी आणि कंडक्टरने ती हातात घेऊन बोलावं. आनंदाच्या सहलीत हे कशाला, असं कुणी विचारील. सहल दहा मिनिटांची आहे. त्यातली दोन मिनिटं खऱ्या इतिहासाला दिली म्हणून पोरं रडत घरी जाणार नाहीत.

कामगारांबद्दलही तेच. बर्नी नावाची छोटी, हलकी गाडी १९१६च्या आसपास आली. संग्रहालयांत ती लाडकी असते. तिचा जन्म कंडक्टरचा पगार वाचवण्यासाठी झाला. एकच माणूस गाडी हाकणार, पैसे घेणार, दार उघडणार. तिच्या गोंडस रूपामागे किती जणांची नोकरी गेली, हे तिच्याच पायरीवर उभं राहून सांगता येतं.

हे सगळं सांगण्याची गरज भूतदयेपोटी नाही. अमेरिकेतली शहरं पुन्हा रूळ टाकताहेत आणि जुन्याच चुका नव्या पैशात करताहेत. लॉस एंजेलिसमध्ये उद्योगपती हेन्री हंटिंग्टनने पॅसिफिक इलेक्ट्रिक ही ट्राम कंपनी १९०१मध्ये सुरू केली ती मुख्यतः जमिनी विकायला; ट्राम आधी जायची, मागून प्लॉट विकले जायचे. जमिनी विकून झाल्यावर तोट्यातली ट्राम कुणाला नको होती. तिच्या लाल गाड्यांची शेवटची, लाँग बीचची फेरी १९६१मध्ये झाली. १९९०मध्ये लोकांच्या करातून बांधलेली नवी ब्लू लाइन सुरू झाली ती बरीचशी त्याच वाटेने, लाँग बीचलाच. त्या लाल गाड्या पाहायच्या तर पेरिसला जावं लागतं, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या पेरिसला, सदर्न कॅलिफोर्निया रेल्वे म्युझियममध्ये. तिथे गाडीत बसणारा कदाचित सकाळीच नव्या लाइनने आलेला असतो. या दोन गाड्यांमधल्या २९ वर्षांचा हिशेब त्याला गाडीतच कुणी द्यायला नको का?

डेट्रॉइटचंही तेच. वुडवर्ड अव्हेन्यूवर २०१७मध्ये पुन्हा ट्राम धावली. पण बराचसा मार्ग मोटारींच्याच रांगेतून, कडेच्या लेनमधून. कुणी गाडी वेडीवाकडी उभी केली की ट्राम थांबली. ट्रामला वळून पुढे जाता येत नाही हे १९२०मध्येही ठाऊक होतं. आणि कोणती ट्राम टिकली हेही इतिहासात स्पष्ट आहे. बॉस्टनची टिकली, कारण १८९७मध्येच तिला ट्रेमाँट स्ट्रीटखाली बोगदा मिळाला होता. सॅन फ्रान्सिस्कोचे मार्ग टिकले ते ट्विन पीक्सच्या १९१८च्या आणि सनसेटच्या १९२८च्या बोगद्यांमुळे. तिथून बस नेणं अवघड होतं. न्यू ऑर्लिन्सची सेंट चार्ल्स ट्राम रस्त्याच्या मधल्या हिरवळीवरून जाते. जिथे ट्रामची वाट तिची स्वतःची होती तिथे ती जगली. जिथे मोटारीशी वाटून घ्यावी लागली तिथे बहुतेक करून मेली. कुठल्याही शहराच्या नगरसेवकांना संग्रहालयाने यापेक्षा उपयोगी काय शिकवावं?

यावर संग्रहालय चालवणाऱ्यांचं म्हणणं मला माहीत आहे. कुटुंबं येतात ती शरदातल्या भोपळ्यांच्या (पोरांना भोपळे निवडायला नेणाऱ्या) आणि नाताळच्या फेऱ्यांना. त्याच पैशातून छत गळायचं थांबतं. बहिष्कार आणि दिवाळखोरी ऐकायला तिकीट कोण काढणार? छताचा मुद्दा बिनतोड आहे. पण भोपळ्याची फेरी बंद करा असं कुणी म्हणत नाही. तिच्या जोडीला वेगळी फेरी ठेवता येते. सॅन फ्रान्सिस्कोची एफ लाइन पाहिली तर गंभीर आणि रंजक एकत्र राहू शकतात हे दिसतं. तिथे १९९५पासून जुन्या पीसीसी गाड्या आणि नंतर त्यांच्या जोडीला आलेल्या, इटलीतल्या मिलान शहराच्या १९२८च्या गाड्या रोजच्या प्रवाशांना घेऊन मार्केट स्ट्रीटवर धावतात. पर्यटक फोटो काढतात, शेजारी नोकरदार घड्याळ पाहत चडफडतो. खरी ट्राम अशीच असते, चडफडाटासकट.

संग्रहालयांनी काही गाड्या कमी कराव्यात, हेही सुचवावंसं वाटतं. अडीचशे गाड्यांतल्या किती धावणार, कितींना छप्पर मिळणार? एकाच जातीच्या पाच गाड्या उन्हात सडवण्यापेक्षा चार दुसऱ्यांना द्याव्यात आणि पैसा कार्यशाळेत, शिकाऊ मुलांत घालावा. हौशी माणसाला गाडी सोडवत नाही, हे समजतं. तरी.

आणि नवं काही बांधायची गरज नाही. रूळ संपतो तिथे दांडा फिरवायला, बाक उलटायला दोन-तीन मिनिटं लागतातच. तेवढ्यात कंडक्टरने डब्याला नगरपालिकेची सभा करावी. सांगावं: साल १९१९, भाडं पाच सेंट, कंपनी बुडतेय, मोटारी रुळांवर उभ्या आहेत. भाडं सात करू? मोटारींना या रस्त्यावर बंदी घालू? की कराचा पैसा घालून ट्राम शहरानेच घेऊ? यातलं काहीच नको असेल तर पुढच्या महिन्यापासून हा मार्ग बंद. हात वर करा. मग किती वर आले ते मोजायचे आणि गाडी परत फिरवायची.